टिटवीचे ब्रेक

घाटमाथ्यावरच्या एका गावात नीळकंठ नावाचा घड्याळजी राहत होता. त्याच्या बायकोचं नाव द्वारका. दोघांना मूलबाळ नव्हतं. घर लहान होतं, अंगण मोठं होतं, आणि अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये एक मोटार होती.

ती काही साधी मोटार नव्हती. दोन दारांची, बुटकी, लांब नाकाची, मागे उतरत्या छपराची विलायती गाडी होती. पुढे दोन माणसं बसायची. मागे नावापुरती जागा होती. तिथे एखादं पोर नाहीतर नारळाचं पोतं मावायचं. इतकी खाली टेकलेली की बसलं की रस्ता पाठीला लागायचा. तरुणपणी ती वाऱ्यासारखी पळत असणार. पण गावात आली तेव्हा म्हातारी झालेली होती. खालच्या धरणाच्या कामावर आलेल्या एका इंजिनिअरने ती आणली होती. त्याची बदली झाली तेव्हा गाडी बंद पडलेली होती. त्याने बैल जुंपून ती नीळकंठाच्या अंगणात आणून सोडली आणि म्हणाला, "तुम्ही बंद घड्याळं चालू करता. ही चालू झाली तर तुमची."

ती चालू व्हायला अख्खा पावसाळा गेला. पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा अशी काही किंचाळली, की शेजारच्या म्हशीने दावं तोडलं. त्या दिवसापासून गाव तिला टिटवी म्हणू लागलं.

म्हातारी गाडी सांभाळणं म्हणजे म्हातारं माणूस सांभाळण्यासारखंच असतं. आज हे दुखतं, उद्या ते. घाटमाथ्यावरचा पाऊस लोखंड खातो. दर पावसाळ्यानंतर नीळकंठ आणि द्वारका गाडीचा गंज खरवडायचे आणि वर रंगाचा हात द्यायचे. सुटे भाग मिळायचे नाहीत. नीळकंठ भंगारातून तुकडे आणायचा आणि कानस चालवून हवा तसा भाग घडवायचा. तो गाडीखाली झोपला की द्वारका बाजूला बसून बॅटरीचा उजेड धरायची. तो हात बाहेर काढायचा आणि ती बरोबर तोच पाना त्याच्या हातात ठेवायची. त्यांच्या संसारातली बरीचशी बोलणी त्या शेडमध्ये झाली. भांडणंही तिथेच झाली, आणि मिटलीही तिथेच.

नीळकंठाच्या बहिणीची मुलगी हेमांगी लहानपणी त्या मागच्या जागेत बसून भातुकली खेळायची. आई हाका मारून दमली तरी उतरायची नाही.

अशी बरीच वर्षं गेली.

एक दिवस दुकानात नीळकंठाच्या चिमट्यातून घड्याळाचं बारीक चाक निसटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा निसटलं. उजवा हात कापू लागला होता. त्याने कुणाला काही सांगितलं नाही. थोड्या दिवसांनी दुकान बंद केलं आणि डोळे थकले असं लोकांना सांगितलं. द्वारकेलाही तेच सांगितलं. त्याने मनाची समजूत घातली, घड्याळाचं काम बारीक, ते आता नको. पण गाडीचे नट मोठे असतात, ते काही हाताला जड नाहीत.

आता सकाळभर तो शेडमध्येच असायचा. द्वारकेला तो म्हणाला, "तू कशाला धुळीत बसतेस? घरात कामं असतील. माझं मी करतो."

द्वारकेला त्याचा हात दिसत होता. त्याला तो दिसू द्यायचा नव्हता, हेही तिला दिसत होतं. ती घरात गेली.

एकदा दुपारी तो जेवून झोपला असताना ती सहज शेडमध्ये गेली. सकाळी त्याने क्लचची केबल बदलली होती. तिने हात लावून पाहिला तर नट नुसता अडकवलेला होता. बोटाने फिरत होता. तिने पाना घेतला आणि तो नीट आवळला. मग पाना जिथे होता तिथेच ठेवला.

संध्याकाळी नीळकंठाने गाडी गावाबाहेर फिरवून आणली. उतरला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता.

"बघितलंस?" तो म्हणाला. "क्लच कसा लोण्यासारखा झालाय. हात अजून बसतो माझा."

त्या चेहऱ्याला ती खरं सांगू शकली नाही. तिला वाटलं, आजचा दिवस राहू दे.

पण आजचा दिवस रोज येऊ लागला. तो सकाळी काम करायचा, दुपारी झोपायचा. तो झोपला की ती शेडमध्ये जायची. सैल नट आवळायची. उलटा लावलेला भाग काढून सुलटा लावायची. सांडलेलं तेल पुसायची. इतकी वर्षं बॅटरी धरून बसल्यामुळे तिला गाडीचा कोपरा न् कोपरा माहीत होता. एकदा तर त्याने उघडून बसवलेला कार्बोरेटर तिने सबंध पुन्हा उघडला, फडक्यावर ओळीने भाग मांडले आणि पुन्हा बसवला. संध्याकाळी गाडी एका झटक्यात सुरू झाली. नीळकंठाने पारावरच्या मंडळींना ते तिखटमीठ लावून सांगितलं.

यात कुणाचं काय बिघडतं, असं द्वारकेला वाटायचं. नवरा खुशीत होता. गाडी धावत होती. दुपारची झोप तेवढी तिची जात होती.

पण बिघडत होतं. हळूहळू नीळकंठाला खरंच वाटू लागलं की आपल्या हाताला काही झालेलं नाही. जेवताना आमटी ताटाबाहेर सांडायची, सही करताना कागद फाटायचा, तरी तो मानायचा नाही. त्याची बहीण एकदा म्हणाली, "दादा, शहरात चांगला डॉक्टर आहे. एकदा हात दाखवून ये."

"हाताला काय झालंय?" नीळकंठ चिडून म्हणाला. "परवा कार्बोरेटर उघडून बसवला या हाताने. डॉक्टरला येतो का कार्बोरेटर बसवता?"

द्वारका तिथेच भाजी निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही.

पुढे हेमांगीचं लग्न ठरलं. सासर घाटाखालच्या गावात होतं. मुलगा सुहास चांगला होता, त्याला गाडी चालवता येत होती. हेमांगीने मामाला सांगून टाकलं, "मामा, पाठवणीला दुसरी गाडी नको. मी टिटवीतूनच जाणार."

नीळकंठाला आनंद मावेना. त्याने गाडी धुतली, घासली, पितळेची कडी चिंचेने लख्ख केली. ब्रेकच्या नळ्या जुन्या झाल्या होत्या. घाट उतरायचा तर त्या बदलायला हव्यात, असं तो म्हणाला. ते बरोबरच होतं.

लग्नाच्या कामांसाठी द्वारका नणंदेकडे राहायला गेली होती. घर दोन गल्ल्या सोडून होतं. पण लग्नघरात पाय निघत नाही. जाताना ती नीळकंठाला म्हणाली, "ब्रेकचं काम मी आल्यावर करा. मी बॅटरी धरीन."

"बघू," तो म्हणाला.

मग लग्नाचा दिवस उजाडला. अक्षता पडल्या. पंगती उठल्या. उन्हं कलली तेव्हा नीळकंठ घरी गेला आणि टिटवी हळूहळू चालवत मांडवापर्यंत घेऊन आला. लांब नाकावर झेंडूच्या माळा होत्या. पोरं ओरडत मागून धावत होती. नीळकंठ नव्या कोटात गाडीतून उतरला आणि थेट द्वारकेकडे आला.

"ब्रेकच्या नळ्या बदलल्या," तो हळूच म्हणाला. "चारी चाकांच्या. एकट्याने. तुला हाकसुद्धा मारली नाही."

द्वारकेने गाडीच्या चाकांकडे पाहिलं.

हे काम तिने मागून तपासलं नव्हतं. चारी चाकांना नव्या नळ्या, प्रत्येक नळीला नट, आणि तो प्रत्येक नट या कापऱ्या हाताने लावलेला. सपाट गल्लीत गाडी हळू येते तेव्हा काही कळत नाही. घाट उतरताना कळतं.

काही तरी करायला हवं होतं आणि वेळ थोडा होता. हेमांगी वडीलधाऱ्यांच्या पाया पडत होती. द्वारका गाडीच्या मागे गेली. कुणी पाहत नाहीसं बघून मागच्या चाकापाशी खाली बसली. केसातला आकडा काढला, चाकात हवा भरायच्या तोंडावरची टोपी फिरवून काढली आणि आकडा आत दाबला. सुस्स करून थोडी हवा गेली. चाक बसलं तर गाडी जाणार नाही. नीळकंठाला काही कळणार नाही. कुणालाच काही कळणार नाही.

तेवढ्यात तिला गाडीच्या मागच्या काचेतून नीळकंठ दिसला. तो पुढची काच आपल्या खांद्यावरच्या उपरण्याने पुसत होता. हात इतका कापत होता की उपरणं काचेवर ठरत नव्हतं. तरी तो हसत होता.

द्वारकेच्या मनात आलं, आज हवा काढीन. उद्या तो हवा भरेल आणि पुन्हा गाडी काढेल. मग उद्या काय करणार? परवा काय करणार? आपण या माणसाला कुठवर आणून सोडलं?

तिने आकडा परत केसात खोवला आणि उठली.

"अहो," ती म्हणाली, "जरा इकडे या."

मांडवाच्या कडेला पाण्याची पिंपं होती. तिथे कुणी नव्हतं. तो हसतच आला.

"ही गाडी त्यांना देऊ नका," द्वारका म्हणाली.

"का? काय झालं?"

"तुम्ही लावलेले नट घट्ट बसत नाहीत. गेली दोन वर्षं मी ते मागून आवळते आहे. दुपारी तुम्ही झोपलात की."

नीळकंठाला आधी ती थट्टा वाटली. मग त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"क्लचची केबल?" त्याने विचारलं.

"मी."

"कार्बोरेटर?"

"तोही मीच."

"गेल्या दिवाळीत पंख्याचा पट्टा बदलला तो..."

 द्वारकेने मान डोलावली.

नीळकंठाने आपले दोन्ही हात वर करून पाहिले. जणू आजवर ते पाहिलेच नव्हते. मग ते कोटाच्या खिशात घातले.

"आज सांगतेस?" तो म्हणाला. "भर मांडवात?"

"आज त्यात आपली पोरगी बसणार आहे."

तो वळला आणि गाडीपाशी गेला. दार उघडून आत बसला. लोकांना वाटलं, मामा गाडीचा निरोप घेतोय. त्याने ब्रेकवर पाय ठेवला आणि दाबून धरला. हात कापत होते, पण पाय कापत नव्हता. पायाखाली ब्रेक आधी घट्ट लागला. मग तो हळूहळू खाली जायला लागला. जात जात पार तळाला टेकला. नीळकंठाने पाय काढला आणि पुन्हा दाबला. पुन्हा तेच झालं. कुठल्या तरी नटातून तेल झिरपत होतं.

 बाहेर वाजंत्री वाजत होती. हेमांगी आईच्या गळ्यात पडून रडत होती. आता त्याने काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. बॅटरी उतरली म्हणाला असता, पेट्रोल संपलं म्हणाला असता, तर कुणी उलटून विचारलं नसतं. त्याच्या नव्या कोटाला डाग लागला नसता.

नीळकंठ गाडीतून उतरला. त्याने हाताने वाजंत्री थांबवायला सांगितली आणि हात परत खिशात घातले.

"जावईबापू," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ही गाडी घाटात नेऊ नका. ब्रेक मी बसवलेत आणि ते नीट बसलेले नाहीत. माझे हात आता कापतात."

  सुहासने वाकून नमस्कार केला. हेमांगी शालू सावरत आली आणि तिने मामाचे दोन्ही हात खिशातून बाहेर काढून आपल्या हातात घेतले.

"मामा," ती म्हणाली, "तू सांगितलंस ना. मग झालं."

ती कुणाच्या तरी जीपमधून सासरी गेली. जीप वळणाआड होईपर्यंत नीळकंठ उभा राहिला. मग पाच-सहा जणांनी टिटवी ढकलत घरी आणून शेडमध्ये लावली.

त्यानंतर त्या घरात फार शांतता झाली.

नीळकंठ रागावला नाही, ओरडला नाही. तो शेडकडे जाईनासा झाला. सकाळी ओट्यावर बसायचा आणि रस्ता बघायचा. जेवताना ताटाकडे बघून जेवायचा. द्वारकेने काही विचारलं तर तेवढ्याचंच उत्तर द्यायचा. शेडमध्ये टिटवीवरच्या माळा वाळून गेल्या. बिघडलेला नट कुठला, ते द्वारका तासाभरात शोधू शकली असती. दुरुस्तही करू शकली असती. एकदा ती शेडच्या दारापर्यंत गेलीही. पण मागे फिरली. आता त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, असं तिने ठरवलं होतं.

एक दिवस तिला राहवलं नाही. ती त्याच्याजवळ ओट्यावर येऊन बसली.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून केलं मी."

नीळकंठ तिच्याकडे वळला.

"तू नट आवळलेस याचं मला वाईट वाटत नाही," तो म्हणाला. "आपण ती गाडी दोघं मिळून करायचो. मी हात पुढे केला की तू पाना द्यायचीस. मग मी तुला घरात पाठवलं. ते माझं चुकलं. सकाळी मी एकटा, दुपारी तू एकटी. एकाच गाडीपाशी रोज यायचो आणि दोन वर्षं आपली भेट झाली नाही."

द्वारकेने पदर डोळ्यांना लावला.

"मला तेव्हाच सांगितलं असतंस, तर मी चिडलो असतो," तो म्हणाला. "दोन दिवस जेवलो नसतो. पण तिसऱ्या दिवशी हाक मारलीच असती ना तुला?"

"मारली असतीत?"

त्याने थोडा विचार केला. "चौथ्या दिवशी," तो म्हणाला.

द्वारकेला रडता रडता हसू आलं. खूप दिवसांनी त्यालाही आलं.

पुढच्या आठवड्यात दोघं शहरात डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, हा कंपवात आहे. आधी आला असतात तर बरं झालं असतं, पण अजूनही औषधाने फरक पडेल. तसा थोडा फरक पडला. आमटीची वाटी तोंडापर्यंत नीट जाऊ लागली. पण कापणं पुरतं गेलं नाही, आणि ते जाणार नव्हतं.

मग एका सकाळी द्वारका चुलीपाशी असताना शेडमधून हाक आली.

"अगं ए, पाना घेऊन ये. लहान आण."

तिने तवा खाली उतरवला आणि धावतच गेली. नीळकंठाने गाडीवरच्या वाळक्या माळा काढून बाजूला ठेवल्या होत्या. पुढचं चाक काढायची तयारी करून तो चटईवर बसला होता. शेजारची जागा त्याने झाडून ठेवली होती.

चाक निघालं. नीळकंठाने वाकून पाहिलं आणि त्याला चूक लगेच दिसली. नळीचा नट तिरका बसला होता. त्याचे आटे खराब झाले होते आणि तेलाचा ओघळ खालपर्यंत आला होता. दुसरा नट त्याच्याकडे होता. तो हातात घेऊन नीळकंठ म्हणाला, "एकदा मी बघतो लावून."

"बघा," द्वारका म्हणाली.

त्याने नट नळीच्या तोंडाशी धरला. हात थरथरला आणि नट घसरून पडला. चटईवर शोधून त्याने तो पुन्हा धरला. पुन्हा पडला. द्वारकेने आपले हात मांडीवर ठेवले होते. ते पुढे येऊ नयेत म्हणून तिने बोटं एकमेकांत अडकवली होती. नट घरंगळत तिच्या पायाशी आला, तरी तिने तो उचलला नाही. तो त्यानेच उचलला. आणखी एकदा लावून पाहिला. मग तिच्यापुढे धरला.

"नाही जमत," तो म्हणाला. "तू लाव."

तिने तो घेतला आणि लावू लागली.

"थांब. एकदम सुलटा फिरवू नकोस. आधी उलटा फिरव, अगदी हळू. आटा आट्यात पडला की टक् करतो. ऐकू आलं का?"

"नाही."

"अजून फिरव. बोटाला कळेल."

तिने फिरवला. बोटाखाली काही तरी हलकेच बसलं. "आलं!" ती म्हणाली.

"आता सुलटा. पाना नको, बोटांनीच. बोटांनी जातोय तोवर जाऊ दे." आणि मग तो म्हणाला, "हे मला माहीत होतं. पण तो टक् माझ्या बोटांना कळेनासा झालाय. त्या दिवशी मी बळंच आवळला."

चारी चाकांचे नट त्यांनी तपासले. आणखी एक तिरका निघाला. तोही बदलला. मग ब्रेकमधली हवा काढायची राहिली. ते काम दोघांचंच असतं. एकाने आत बसून ब्रेक दाबायचा आणि दुसऱ्याने चाकापाशी बारीक तोटी उघडून आतली हवा बाहेर सोडायची. लग्नाच्या वेळी नीळकंठाने ब्रेकवर काठी टेकवून ते कसंबसं उरकलं होतं. आता तो आत बसला आणि द्वारका चाकापाशी आडवी झाली.

"दाबा," ती म्हणाली.

"दाबला."

"धरून ठेवा."

"धरलाय."

फस् करून हवा आणि तेल आलं. तिने तोटी बंद केली.

"सोडा."

"सोडला."

शेजारच्या बायकांना कुंपणापलीकडून ते ऐकू येत होतं. दाबा, दाबला, धरा, धरला. सूर्य डोक्यावर आला तरी ते चाललं होतं. भाकऱ्या तशाच राहिल्या. शेवटच्या चाकाला तेलात हवेचा एकही बुडबुडा आला नाही. नीळकंठाने ब्रेक दाबून धरला आणि वाट बघत राहिला. ब्रेक जिथे होता तिथेच राहिला. दगडासारखा.

"द्वारके," तो आतून म्हणाला, "कार्बोरेटर मात्र तू फक्कड बसवला होतास. मी स्वतःचीच पाठ थोपटत होतो."

"तुमचं बघूनच शिकले," ती गाडीखालून म्हणाली.

आता राहिलं गाडी चालवण्याचं. कापऱ्या हाताने घाटात चाक धरणं बरं नाही, हे नीळकंठ आपणहून म्हणाला. मग द्वारका शिकली. बाजाराच्या मैदानावर, बाजार नसेल त्या दिवशी, ती टिटवी चालवायची आणि नीळकंठ शेजारी बसायचा. ती इतक्यांदा बंद पाडायची की मैदानावर चरणाऱ्या शेळ्यासुद्धा बाजूला व्हायच्या बंद झाल्या. लोक हसायचे. तीही हसायची. पुढे तिला लायसन मिळालं.

थंडी ओसरल्यावर हेमांगीचा निरोप आला की मामा-मामींनी चार दिवस राहायला यावं. दोघं टिटवीतून निघाले. मागच्या जागेत तिच्यासाठी कुरडया-पापड्यांचा डबा होता. सकाळची वेळ होती. घाटाच्या तोंडाशी द्वारकेने गाडी थांबवली आणि पदर खोचला.

उतार सुरू झाला. तिने ब्रेकवर पाय ठेवला आणि गाडी आज्ञेत आली. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. पुढच्या वळणावर समोरून भरलेला ट्रक वर येत होता. तिने गाडी कडेला घेऊन थांबवली. गाडी उतारावर जागच्या जागी उभी राहिली. ट्रक अगदी जवळून निघून गेला. मग तिने गाडी काढली आणि गिअर बदलायला गेली, तर तो पडेना. दांडा खरखरला. तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा खरखरला. 

नीळकंठाला काय चुकतंय ते कळत होतं. त्याचा हात अर्ध्यावर उचलला गेला होता. पण तो त्याने तिथेच थांबवला.

"हात लावू का?" त्याने विचारलं.

द्वारकेने रस्त्यावरची नजर काढली नाही.

"लावा ना," ती म्हणाली.

त्याने आपला हात तिच्या हातावर ठेवला. तो कापत होता, आणि तिच्या हातालाही ते कापणं लागत होतं. दोघांनी मिळून दांडा जरासा मागे घेतला, थांबले, आणि मग पुढे सारला. गिअर पडला. टिटवी वळणावरून खाली निघाली. नीळकंठाने हात काढून घेतला नाही, आणि द्वारकेनेही तो काढा म्हटलं नाही.

या गोष्टीचं तात्पर्य: आपल्या माणसाचं उणं त्याच्या पाठीमागे झाकत राहिलं, तर तो आणि आपण दोघंही एकटे पडतो. त्याला खरं सांगावं, आणि मग त्याच्या शेजारी बसून, विचारून, हात द्यावा.